नाक बसलेली माणसं

“फुकटात शिकलेलीला कोन नोकरी देतो गो? नीट चौकशी तरी केलीव का?”

पेणला रामवाडीच्या एसटी स्टँडवर मागच्या बाकावरून हे मला ऐकू आलं. बोलणारी माझ्या मावशीची शेजारीण होती, मावशीला सोबत म्हणून आलेली. तिने आवाज खाली आणला होता, पण तिचा खालचा आवाजही चौकशीच्या खिडकीपर्यंत पोचायचा.

“चौकशी काय करायची,” मावशी म्हणाली, “पगार देनार म्हनतात.”

“म्हनतात तर सगळेच.”

आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्या बॅगेची चेन उघडली, आत बघितलं, परत लावली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. निदान मागे वळून हसायला तरी हवं होतं. मी समोरच्या पाटीवरची गावांची नावं वाचत राहिले.

बाबा कंपनीच्या निळ्या शर्टात आले होते, कारण मला बसवून ते तसेच धाटावला सेकंड शिफ्टला जाणार होते. खोपोलीवरून पुण्याला जाणारी गाडी लागली. त्यांनी बॅग वर चढवली, खाली उतरून खिडकीशी आले आणि मला तोच सल्ला दिला जो ते प्लांटमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला देतात. त्यांच्याकडे तेवढाच एक होता.

“कुठं कसला वास आला तर थांबायचं नाय, पळायचं. वास गेला की परत यायचं. घाबरायचं नाय.”

मी मान हलवली. यातलं मधलं वाक्य चूक आहे, माणूस मारू शकेल इतकं चूक आहे, हे मला तेव्हा कळलेलं होतं. गाडी सुटली. बाबांनी हात वर केला आणि वळून मोटरसायकलकडे चालू लागले, जिथे ते वाक्य रोज वापरात होतं तिकडे जायला.

त्या वाक्याबद्दल लिहायचं म्हणून हे लिहिते आहे. आमच्या गल्लीत जे राहिलेत त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे निघून पुण्याला, पनवेलला, आखातात गेलेत त्यांच्यासाठीही. तुमच्यापैकी बरेच जण याच वाक्यावर मोठे झालेत.

आमची गल्ली रोह्याहून धाटावला जाताना, कंपन्यांच्या अलीकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, धाटावला केमिकल कंपन्या आहेत, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातला कोणी ना कोणी तिथे शिफ्टला जातो. वाऱ्याप्रमाणे वास बदलतो. डांबरगोळीचा वास आला की बायका म्हणायच्या, आज रंगवाल्यांचं सुटलंय. सडलेल्या अंड्याचा आला की म्हणायच्या, आज पाण्याचं हाय. दोरीवर कपडे टाकण्याआधी माझी आई दारात उभी राहून हुंगायची, जसं दुसरीकडच्या बायका आभाळ बघतात.

गल्लीत नवीन सून आली की सुरुवातीला तिची गंमत व्हायची. ती पदर नाकाला लावून बसायची, जेवण जायचं नाही, डोकं दुखायचं. शेजारच्या बायका येता-जाता विचारायच्या, “नाक बसलं काय गो?” ती नाही म्हणायची. मग एक दिवस अंड्याचा वास सुटलेला असायचा आणि ती अंगणात निवांत तांदूळ निवडत असायची. कोणीतरी ओरडायचं, “बसलं गो बसलं, हिचं नाक बसलं.” त्या दिवशी तिच्या घरी चहा व्हायचा. त्याला विधी म्हणता येणार नाही, पण चुकवलेला मला आठवत नाही. नाक बसलं की सून आपली झाली.

माझी आई वडखळच्या पुढे खाडीकडच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. मोकळ्या खाऱ्या वाऱ्यातून ती इथे आली. ती सांगायची, “माझं नाक बसलं त्या दिवशी सगळे हसत होते, मी पन हसले. नि चहा पिताना मनात आलं, आता हितंच मरायचं.” हे ती हसत हसतच सांगायची. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं.

माझं नाक जन्मापासूनच बसलेलं होतं.

बाबा कंपनीच्या पाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर. म्हणजे कंपनीतलं घाण पाणी टाक्यांमध्ये घेऊन साफ करायचं आणि मग सोडायचं, ते काम. टाक्या जमिनीत खोल, तळाला पंप, उतरायला लोखंडी शिडी. त्या टाक्यांमधून अंड्याच्या वासाचा गॅस निघतो. बाबांचं नाक सगळ्या प्लांटमध्ये प्रसिद्ध होतं. कुठल्या टाकीला झाकण नीट बसलेलं नाही हे ते गेटमधूनच सांगायचे. त्यांना सगळे ‘मीटर’ म्हणायचे. “मीटर आला काय? मंग चला कामाला.” खिशाला लावायचे खरे मीटर कंपनीने दिले होते, पण ते उठसूट किरकिरायचे म्हणून लॉकरात पडलेले असायचे. बाबांचा मीटर किरकिरत नसे. तो म्हणायचा, वास आला, चला बाहेर. वास गेला, चला आत.

एकदा कंत्राटावरचा एक माणूस टाकीच्या कडेला पडला. शुद्ध गेली होती. त्याला ओढून बाजूला आणलं, पाणी मारलं, दवाखान्यात नेलं, तो वाचला. बाबांनी घरी येऊन सांगितलं की त्याचा उपास होता, रिकाम्या पोटी चक्कर आली. “वास तर अजिबात नव्हता,” ते म्हणाले. “मी सोता होतो ना तिथं.” आईने त्या रात्री आपल्या उपासाला साबुदाणा जास्त भिजवला.

मी रोह्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकले. बाबांचा हट्ट होता. शाळेने मला इंग्रजी वाचायला चांगलं शिकवलं. बोलायला नाही, पण तो दोष शाळेचा नसावा, कारण मला मराठीतही बोलता यायचं नाही. म्हणजे यायचं, पण वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि तिथे कोणी दुसरा आधीच बोलत असायचा. पाहुणे विचारायचे, “ही बोलते ना?” आई म्हणायची, “बोलते, इंग्लिशमधी.” सगळे हसायचे आणि माझी सुटका व्हायची.

बीएस्सी झाल्यावर नोकरी मिळेना. क्लास लावायचा तर पनवेल किंवा मुंबई, आणि ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पेणला मावशीकडे वायफाय होतं. तिचा मुलगा जहाजावर असतो, त्याच्याशी बोलण्यासाठी घेतलेलं, आणि त्याचा जुना लॅपटॉप कपाटावर पडून होता. मावशी म्हणाली, “पोरगी येऊन राहूदे माझ्याकडं, मला पन सोबत.” अशी मी रामवाडीला आले. माझं स्थलांतर खरं तिथूनच सुरू झालं, जरी रोहा-पेण म्हणजे कोणी स्थलांतर म्हणणार नाही.

कोडिंग मी तिथे शिकले, आणि खरोखरच फुकटात शिकले. शेजारीण म्हणते त्यात खोटं काही नाही. एका वेबसाइटवर धडे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसरीकडे व्हिडिओ होते. त्यातले सर भरभर बोलायचे, मी त्यांचा वेग कमी करून ऐकायचे, म्हणून ते नेहमी दमल्यासारखे वाटायचे. सगळ्यात मोठी गोष्ट ही की तिथे कोणी मला उभं करून प्रश्न विचारत नव्हतं. चुकलं तर स्क्रीनवर लाल ओळ यायची, कितव्या ओळीत चुकलं ते सांगायची आणि गप्प बसायची. शिकणाऱ्यांसाठी एक फोरम होता. तिथे जगभरची मुलं प्रश्न टाकायची. मी एकही टाकला नाही. मला जे अडायचं ते आधी कोणाला तरी अडलेलंच असायचं, त्याचं उत्तर शोधून वाचायचे. दुसऱ्यांच्या प्रश्नांवर शिकले असं म्हटलं तरी चालेल.

मावशीची पुढची खोली एका गणपतीच्या कारखान्याला साठवणीसाठी दिलेली होती. मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम मावशी घेत असे. वायफायचा डबाही त्याच खोलीत, त्यामुळे मी तिथेच बसायचे. भिंतीला लागून पांढऱ्या, रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा. डोळे शेवटी आखतात. म्हणजे मी शिकत होते तेव्हा खोलीभर बसलेल्यांपैकी कोणालाच डोळे नव्हते. मला ते बरं वाटायचं. कोणी बघत नाही आणि सोबतही आहे.

याच खोलीत एका दुपारी ते झालं.

धडा आलेखांचा होता. आकडे द्यायचे आणि त्यांची रेघ काढायची, मग त्याच आलेखावर दुसरी रेघ. सरावासाठी एक फाइल दिली होती. आकडे खरे नाहीत, शिकवण्यापुरते तयार केलेले आहेत, असं वर लिहिलेलं होतं. एका बंद खोलीत गॅस हळूहळू वाढतो आहे. एका रकान्यात सेन्सरचा आकडा, दुसऱ्यात खोलीतल्या माणसाला वास किती येतो ते. गॅसचं नाव वाचून मी थांबले. शेजारी कंसात ओळख दिली होती, सडलेल्या अंड्याचा वास. मला हसू आलं. इतक्या लांब येऊन आमच्याच गल्लीतला गॅस.

मी प्रोग्राम लिहिला आणि चालवला. गॅसची रेघ चढत गेली. वासाची रेघ तिच्याबरोबर चढली, आणि मग अचानक खाली आली. सरळ तळाला. गॅसची रेघ मात्र चढतच होती.

मला वाटलं माझं चुकलं. लाल ओळ आली नव्हती, पण चूक प्रत्येक वेळी लाल येत नाही हे तोवर शिकले होते. मी रकाने तपासले. उलटे घेतले असतील असं वाटलं, ते बरोबर होते. मग फाइल उघडून आकडे डोळ्यांनी वाचले. मग प्रोग्राम पुसून पहिल्यापासून लिहिला. पुन्हा त्याच दोन रेघा, एक वर जाणारी, एक तळाला आडवी झोपलेली. मावशी आत-बाहेर करत होती, तिने विचारलं, “काय गो, लय शोधतेस?” मी म्हटलं, चूक शोधते आहे.

चूक नव्हती. फाइलच्या खाली चार ओळी होत्या आणि मी त्या न वाचताच काम सुरू केलं होतं. हा गॅस थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की वास ओळखणारी नस बधिर होते आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं गॅस गेला. त्यानंतर शुद्ध जायला फार वेळ लागत नाही. म्हणून या गॅसच्या बाबतीत नाकावर कधीही विश्वास ठेवू नये.

मी लॅपटॉप बंद केला नाही. तसाच उघडा ठेवून बघत बसले. मला उपासाने पडलेला तो माणूस दिसला. वास तर अजिबात नव्हता. नवी सून दिसली, अंगणात निवांत तांदूळ निवडणारी, आणि तिच्याभोवती हसणाऱ्या बायका. आणि बाबा दिसले, मीटर, टाकीच्या कडेला उभे राहून हुंगताना आणि मागच्यांना हात करताना, चला आत.

मी बाबांना मेसेज लिहिला. लिहिता मला येतं. मराठीत, सोप्या शब्दांत, चार ओळींचं भाषांतर केलं, आलेखाचा फोटो जोडला आणि पाठवला. बाबांनी अंगठा पाठवला. पाठोपाठ त्यांच्याकडून एक सुविचार आला, सूर्योदयाचं चित्र असलेला. बाबांच्या फोनवर दिवसभरात इतकं येतं, त्यात लिंबाने काय बरं होतं आणि कोणतं पाणी कधी प्यावं असं इतकं असतं, की माझे चार शब्द त्यातलेच एक झाले.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा जेवताना विषय काढला. “बाबा, तो अंड्याचा वास…”

“तो वास हाय म्हनून हे ताट हाय,” बाबा म्हणाले. वरण वाढून घेत होते. “शिकवायला लागली बघ बापाला.”

रागाने नाही, कौतुकाने म्हणाले. आई हसली. आणि माझं उरलेलं वाक्य नेहमीच्या जागी, तोंडाच्या आत, जाऊन बसलं. आमच्या घरात गॅसबद्दल बोलायचा मान बाबांचा होता. ज्या घरात माणूस आयुष्यभर एका गोष्टीच्या जोरावर उभा असतो, तिथे ती गोष्ट चुकीची आहे हे कोणत्या आवाजात सांगायचं असतं, याचा धडा कुठल्याच वेबसाइटवर नव्हता.

नोकरी मला त्या आलेखामुळेच मिळाली. शिकलेल्याचा नमुना म्हणून मी एक छोटं पान बनवलं होतं. गॅसचे आकडे येतात, रेघ चढते, हद्द ओलांडली की लाल होते. पुण्यात एक लहान कंपनी होती, कारखान्यांसाठी असेच स्क्रीन बनवणारी. त्यांनी आधी घरी करायला काम दिलं, मग फोनवर दोन-चार प्रश्न. तिथल्या सरांनी विचारलं, “रोहा म्हणजे धाटावजवळ? आमचे बरेच कस्टमर तिकडे आहेत.” मी हो म्हटलं. मुलाखतीत मी बोललेलं ते सगळ्यात मोठं उत्तर असावं.

पुण्यात मी बाणेरला खोली घेतली, तीन मुलींबरोबर. खिडकीतून हवा यायची आणि तिला काहीच वास नसायचा. पहिले काही दिवस मी त्या बिनवासाच्या हवेत नीट झोपले नाही. वास नाही म्हणजे काय, हे आता मला माहीत होतं. मग हळूहळू वास यायला लागले. ओल्या टॉवेलचा, शेजारणीच्या तेलाचा, रस्त्यावर कोणी कोथिंबीर चिरत असेल तर तिचा. माझं नाक उठत होतं.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारी अमृता बसते. ती कोल्हापूरची, बोलण्यात सैल. मी समोर बसूनही तिला चॅटवर उत्तर द्यायचे. एकदा खुर्ची वळवून म्हणाली, “तू काय जन्मतः म्यूटवर आहेस काय गं?” मी तिला चॅटवर हसरा चेहरा पाठवला. त्यावर ती पाच मिनिटं हसत होती.

मला पहिलं मोठं काम दिलं ते बटणाचं. कस्टमरची तक्रार होती की गॅस वाढला की हॉर्न वाजतो आणि वाजतच राहतो. ऑपरेटर वैतागून वायर उपसतात. तर असं बटण हवं की हॉर्न थोडा वेळ थांबेल, पण स्क्रीनवरचा आकडा लाल राहील. मी विचारलं, चॅटवरच, आकडा लाल राहणार हे नक्की ना. नक्की, असं उत्तर आलं. मी ते बटण लिहिलं. वर काय लिहायचं याची चर्चा इंग्रजीत चालू होती तेव्हा मी टाइप केलं, ‘हॉर्न थांबवा’. ते सगळ्यांना आवडलं. मी लिहिलेलं आणि कोणीतरी खरोखर बोटाने दाबणार असलेलं ते पहिलंच काही होतं. मी त्याचा फोटो घरी पाठवला. बाबांनी अंगठा पाठवला.

गणपतीला घरी गेले. कोलाडवरून रोह्याकडे वळल्यावर मी खिडकीशी सरसावून बसले, घर आलं म्हणून. पुढे आमच्या थांब्याला उतरले आणि वासाने माझे डोळे भरून आले. खरोखरच, पाणी वाहायला लागलं. मी ओढणी नाकाला लावली. गल्लीच्या तोंडाशी बायका बसल्या होत्या.

“बघ गो, ही पुन्याची झाली,” एक म्हणाली. “हिला वास येतो.”

“बसंल परत, चार दिस राहूदे.”

सगळ्या हसल्या. त्यांच्यात एक नवीन सून होती, पदर नाकाला लावलेली. फक्त तिने माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं. मी तिच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते. चार दिवसांनी मी निघाले तेव्हा ती दारात भांडी घासत होती, पदर खांद्यावर. चहा झाला असावा.

तेव्हापासून आईला फोन केला की मी पहिल्यांदा एकच विचारते. वास येतोय का? आई म्हणते, येतोय बाय, आज लय हाय. आणि मला बरं वाटतं. ती नाही म्हणाली की मी विचारते, गल्लीत कोणाला येतोय का, जरा बाहेर जाऊन विचार. आईला वाटतं मला घराची आठवण येते. तेही खोटं नाही. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलं आहे: लांबून केलेली वासाची चौकशी. वास येतो आहे तोपर्यंत जिथे सगळं ठीक आहे, असं ते ठिकाण. तुम्ही जे निघून गेलात, तुमचंही नाक उठलं असेल. घरी गेल्यावर तुम्हीही रुमाल काढता आणि चार दिवसांत खिशात ठेवता. तो खिशात जातो त्या दिवशी आपल्याला वाटतं आपण घरी पोचलो. मला त्याच दिवसाची भीती वाटते.

हे लिहिते आहे तेव्हा बाबा सेकंड शिफ्टला आहेत. टाक्या तिथेच आहेत. कंत्राटावर नवी माणसं आली आहेत आणि त्यांना जुनं वाक्य कोणी ना कोणी सांगतच असणार. म्हणून मी आता एका दिवसाचं सांगते आणि थांबते.

त्या आठवड्यात बाबांची फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी जेवायच्या वेळी त्यांचा फोन आला. शिफ्टमध्ये ते कधी फोन करत नाहीत, आत फोन नेऊ देत नाहीत. कँटीनमधून करत होते. मागे ताटांचा आवाज होता आणि बाबा खुशीत होते.

“अगो, तुमच्या कंपनीचा टीव्ही लागला आमच्याकडं. काल लावला. मी सगळ्यांना सांगितला, हे माझ्या पोरीनं केलाय.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मीटरच्या पोरीनं मीटर केला.” हशा झाला.

मीही हसले. म्हटलं, बटण बघितलंत?

“बघितला काय, दाबला पन. सकालपासून मोठ्या टाकीला वास होता. पंप अडकलाय. मंग तुझा तो हॉर्न बोंबलाया लागला, कान फाटतील असा. दाबला बटण, एकदम गप. लय भारी.” ते घास गिळायला थांबले. “मंग कडेला जाऊन उभा राह्यलो जरा. वास गेला. आता जेवतो नि उतरतो खाली, पंप बघाया. दोघं जन बरोबर हायत.”

माझ्या समोर डबा उघडा होता. अमृता काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

मी विचारलं, “आकडा?”

“काय?”

“टीव्हीवरचा आकडा. कसा आहे?”

“लाल हाय. पन तो खराब असंल, कालच लावलाय ना. वास नाय गो आता. अजिबात नाय. मी सोता हुंगला.”

माझ्या डोळ्यांसमोर ती तळाला झोपलेली रेघ आली. मेसेज लिहायला बोटं आपोआप हलली, फोन कानाला होता तरी. मग मला तो अंगठा आठवला. आणि सूर्योदय.

बाबा म्हणाले, “चल, ठेवतो. हात धुवून उतरतो.”

मी उभी राहिले. खुर्ची मागे जाऊन कोणाला तरी लागली. सगळं ऑफिस जेवत होतं. तिथे मला कोणी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. आवाज आला तो माझ्या ओळखीचा नव्हता. शाळेतला नव्हता, पुण्यातलाही नव्हता. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या बायकांचा होता.

“बाबा, उतरू नका. कोनालाच उतरू देऊ नका. वास गेला म्हंजे गॅस गेला नाय, वास गेला म्हंजे तुमचं नाक गेलं.”